गोड्या पाण्यातलं जहाज

सौंसर
२८ एप्रिल १९८५

चि. मधू,
सप्रेम जयभीम.

पांढुर्ण्याला काकूंकडून तुझा मद्रासचा पत्ता मागून घेतला. लहानपणी एका पाटीवर गणितं सोडवली आपण, आता पत्ता मागावा लागतो. काका सांगत होते, तू जहाजांची लहान मॉडेलं टाकीत सोडून त्यांच्यावर लाटा घालून पाहतोस. म्हणून तुलाच विचारते. दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं नाही.

तुझे भाऊजी महिन्याच्या छुट्टीवर आले आहेत. मँगनीजच्या खाणीतली फिटरची नोकरी सोडून ते 'नीलधारा'वर गेले, त्याला सहा महिने झाले. ते जुनं टँकर जहाज तेव्हाच आणून मुंबईपासून दीडशे किलोमीटर आत समुद्रात एका मोठ्या तरंगत्या बोयाला दोरखंडानं बांधलेलं आहे, विहिरींचं तेल त्यात साठवतात. तिथे माणूस चांगला होता. इथे आल्यावर काहीतरी होऊन राहिलं आहे.

सध्या शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी घरी असते. परवा ते खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. हवा अजिबात नव्हती, समोरच्या संत्र्याचं पान हलत नव्हतं. बोलता बोलता त्यांचा हात थांबला, खाटेची दांडी घट्ट धरली, अंग हळूहळू पुढे झुकलं, मग मागे आलं, आणि हात सुटला. बोलणं चालूच. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "कुठं काय?" त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग मी घड्याळ लावून बसले. एका पकडीपासून दुसरीपर्यंत एक मिनिट बावन्न सेकंद. पुढची, एक मिनिट एकावन्न. त्याच्या पुढची, एक मिनिट त्रेपन्न. तासभर असंच. जोर कमीजास्त होतो, वेळ बदलत नाही. पेल्यातलं पाणी स्थिर होतं, मधू. मी मुद्दाम पाहिलं.

शेजारच्या अलकाबाई म्हणाल्या, जामसावळीच्या मारुतीला नेऊन आणा, तिथे अंगातलं उतरवतात. सासऱ्यांनी ऐकलं. मामंजींनी छप्पन सालीच नागपूरला दीक्षा घेतलेली. ते म्हणाले, "मोतीरामच्या घरातून कोणी झाडफुंकीला जाणार नाही." मलाही जायचं नाही. पण मग जायचं कुठे?

सतरा मेला त्यांना परत निघायचं आहे. पाठवू की नको, एवढंच सांग.

तुझी
वत्सलाताई


मद्रास
५ मे १९८५

ती. वत्सलाताईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. काळजी करू नकोस. महिनोन्‌महिने जहाजावर राहिलेल्या माणसाला जमिनीवर आल्यावर जमीनच हलल्यासारखी वाटते. कानातला तोल सांभाळणारा भाग पाण्याची सवय लवकर सोडत नाही. काही आठवड्यांत जातं.

शिवाय तू लिहिलेला काळ समुद्राचा असूच शकत नाही. समुद्रातली लाट पाच-सात सेकंदांची, मोठी असली तर दहा-बारा, वादळात फार तर सोळा-अठरा. जवळपास दोन मिनिटांची लाट जहाजाला लागत नसते. तेव्हा भाऊजींना होतं ते समुद्रामुळे नाही, मनाच्या थकव्यामुळे. ताक प्यायला दे, दुपारी झोपू दे.

त्यांना बिनधास्त जाऊ दे. कामात पडले की विसरतील.

मामंजींना माझा जयभीम सांग. आमच्या कामाबद्दल फार लिहिता येत नाही, कंपन्यांची गुपितं असतात.

तुझा
मधू


सौंसर
१९ मे १९८५

चि. मधू,

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मामंजी खूश झाले. "पाहा, शिकलेल्या माणसाकडे उत्तर असते," म्हणाले. हेही हसले. जायचं की नाही म्हणून त्यांचं मन डळमळत होतं, ते मला तेव्हा कळलं. तुझ्या पत्रानं त्यांनी पेटी भरली.

शुक्रवारी पांढुर्ण्यापर्यंत सोडायला गेले होते. गाडी यायला वेळ होता. फलाटावर ते खांब धरून उभे राहिले. मी घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तेवढेच सेकंद. गाडी आली तेव्हा म्हणाले, "वत्सला, तिथं मले हे होत नाही. तिथं सगळंच हलते ना, म्हणून समजत नाही. इथं सगळं थांबलं की ते एकटंच उरते." मग चढले.

सोबत एक वही पाठवते. नऊ दुपारी बसून लिहिली आहे. प्रत्येक पकडीची घड्याळातली वेळ, आणि जोर कमी, मध्यम की जास्त. घड्याळ रोज रेडिओवर मिळवून घेत होते. तुला उपयोग नसेल तर फाडून टाक. माझ्याकडून फाडली जात नाही.

वत्सलाताई


मद्रास
२८ मे १९८५

ती. ताईस,

हे पत्र मिळताच भाऊजींना तार करून घरी बोलाव. कारण काहीही दे. मी आज कंपनीलाही तार केली आहे, पण माझ्या तारेला तिथे किंमत किती असेल सांगता येत नाही.

आता खरं लिहितो. गेल्या वर्षी 'नीलधारा'ची चाचणी आम्हीच केली. चौसष्टपट लहान मॉडेल, माझ्या हातचं. इतक्या लहान मॉडेलमध्ये काळ आठपट वेगानं धावतो, म्हणजे समुद्रातले एकशे बारा सेकंद आमच्या टाकीत चौदा. कागदाच्या पट्टीवर लाटांच्या बारीक रेघांखाली एक सावकाश हेलकावा उमटत होता. दर चौदा सेकंदांनी. साहेब म्हणाले, पाणी टाकीच्या भिंतीवरून परत येतं, त्याचा तो दोष आहे, गाळून टाका. मी गाळला. अहवालावर माझी सही आहे.

ताई, ५ मेचं पत्र लिहिण्याआधी मी तुझ्या एक मिनिट बावन्न सेकंदांना आठनं भागून पाहिलं होतं. तरी ते पत्र लिहिलं.

तुझी वही आल्यावर साहेबांना न विचारता मॉडेल पुन्हा पाण्यात सोडलं. दोराच्या जागी आम्ही स्प्रिंग लावतो, ती मऊ घातली. दोष टाकीचा असता तर चौदाच सेकंद राहिले असते. सतरा झाले. हेलकावा जहाजाचा आणि त्याच्या दोराचाच आहे.

मी तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, तेवढ्या लांब काळाची लाट खरंच नसते. पण तू पाचवीला लसावि शिकवतेस ना? एक घंटा दर दहा सेकंदांनी वाजते, दुसरी दर अकरा सेकंदांनी. दोघी एकदम कधी वाजतील? एकशे दहा सेकंदांनी. लाटाही तशाच, जोडीनं जुळतात आणि फिसकटतात. जुळल्या की जहाजाला किंचित रेटा बसतो, फिसकटल्या की सुटतो. कोणतीही एक लाट ते करत नाही, म्हणून लाटा एकेक करून मोजणाऱ्याला ते दिसत नाही. आणि तो रेटा नेमका जहाजाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळतो.

भीती पुढेच आहे. लाट दुप्पट झाली तर हा झोका दुप्पट होत नाही, चौपट होतो. पावसाळ्यात लाट दुप्पट नाही, तिप्पट होईल. तो दोर त्यासाठी नाही.

मधू


सौंसर
२५ जून १९८५

मधू,

तुझं पत्र चार जूनला मिळालं. मी त्याच दिवशी तार केली. उत्तर आलं की समुद्र खवळला आहे, बदली माणसं पोचेपर्यंत कोणाला सोडता येत नाही.

सतरा तारखेला, सोमवारी, दोर तुटला. हे जिवंत आहेत. डावा हात दोन ठिकाणी मोडला. काल मुंबईहून आणलं. श्रावण गेला.

श्रावण लोधीखेड्याचा. यांनीच त्याला तिथे कामाला लावलं होतं. ऐक काय झालं ते, यांनी मला सांगितलं तसं. दुपारी चारनंतर पाच जण जहाजाच्या नाकावर, दोर घासतो तिथे गोणपाट बांधत होते. हे पंपाजवळ होते. म्हणाले, "त्या दिवशी सगळं हलत होतं तरी मले ते वेगळं समजून राहिलं होतं. प्रत्येक खेप आधीच्याहून लांब. मी मोजलं, अन् समजलं की पुढची काही दोराले पेलत नाही." धावत जाऊन ओरडले, हटा, दोर सोडून मागे या. चौघे आले. श्रावण हसला. म्हणाला, "मनोहरभाऊ, तुमच्या अंगात आलं का?" हे त्याला ओढायला गेले. तेवढ्यात तुटला. मांडीएवढा जाड दोर, तो चाबकासारखा मागे आला.

जहाज एकोणीस तास वाहत गेलं, मग दुसऱ्या बोटीनं धरलं.

मी लोधीखेड्याला जाऊन आले. श्रावणच्या आईनं मला चहा दिला. तिला वाटतं, वादळानं नेला. मी चहा संपवून उठले. खरं सांगणं माझं नाही, तुझं आहे.

यांना आता काहीच होत नाही. दोर तुटला तेव्हापासून पकड बंद. तासन्‌तास स्थिर बसतात. मला तेही पाहवत नाही.

वत्सला


मद्रास
३० जुलै १९८५

ती. ताईस,

श्रावणच्या आईला मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, गाळलेल्या हेलकाव्यापासून. तिला वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव. एक शब्दही मऊ करू नकोस.

चौकशीत मी जुनी पट्टी आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी नंतर बोलणं सोडलं आहे. नोकरी तूर्त आहे, कारण जहाज गोदीत दुरुस्त होऊन पुन्हा त्याच जागी बांधायचं आहे, आणि त्याच्या चाचण्या मीच कराव्यात असा हुकूम आला आहे.

आता जे लिहितो ते चौकशीत सांगितलेलं नाही.

'नीलधारा'च्या नाकावर दोराचा ताण नोंदणारं यंत्र होतं. कागद फिरत राहतो, काट्यानं रेघ निघते, कडेला वेळ छापलेली असते. कंपनीनं मे महिन्याची गुंडाळी मला दिली. दोराला एरवी किती ताण येतो ते पाहायला. मी अकरा मेची दुपार उलगडली आणि कशासाठी ते न ठरवताच तुझी वही शेजारी ठेवली.

तू तीन वाजून चौदा मिनिटांपासून तीन वाजून एकोणसाठपर्यंत पंचवीस पकडी लिहिल्या आहेत. कागदावर त्या वेळात दोराला पंचवीस वेळा ताण आला. वेळा त्याच आहेत, ताई. नुसतं अंतर जुळतं असं नाही, घड्याळातलं मिनिट जुळतं. आठव्या पकडीपुढे तू लिहिलंस, "फार जोर, खाट करकरली." कागदावर आठवं टोक त्या दिवसातलं सर्वांत उंच आहे. बारा मेला समुद्र शांत होता, रेघ सपाट आहे. तुझ्या वहीत बारा मेला लिहिलं आहे, "आज काही नाही. छान झोपले."

मी तुला लिहिलं होतं, पाण्याची सवय कानातून जात नाही. हे सवयीतलं नाही. भाऊजी सौंसरला खाटेवर बसले होते, आणि आठशे किलोमीटरवर जहाज ओढलं जात होतं, त्याच क्षणी.

मामंजींना सांगू नकोस.

मधू


सौंसर
१५ सप्टेंबर १९८५

चि. मधू,

श्रावणच्या आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिनं कागद मागून घेतला आणि डब्यात ठेवला. रडली नाही. "त्यानं लिहिलं तरी," एवढंच म्हणाली. मी शब्द मऊ केला नाही.

आता दुसरं. यांचा हात जुळून आला, लोकांचे विहिरीवरचे पंप दुरुस्त करू लागले होते. मला वाटलं, संपलं. तीन सप्टेंबरला, मंगळवारी, मी अडीच वाजता शाळेतून लवकर आले. हे ओसरीवर खुर्चीत होते. अंग हलत होतं, पण पहिल्यासारखं नाही. भराभर. मोठ्या माणसाला तान्ह्या पोराच्या पाळण्यात घालून झोका द्यावा तसं. मी घड्याळ काढलं. चौदा सेकंद, पुन्हा चौदा, पुन्हा चौदा. वीस-बावीस मिनिटं चाललं आणि एकदम थांबलं.

या वेळी त्यांना समजत होतं. डोळे उघडे होते. मी विचारलं, "कुठे आहात?" तर म्हणाले, "मी लहान झालो, वत्सला. पाणी गोडं आहे. वर छत आहे."

बुधवारी काही नाही. गुरुवारी पुन्हा. त्यानंतरच्या मंगळवारी दोनदा.

एकशे बाराला आठनं भागायला मला तू लागत नाहीस. पण जहाज तर गोदीत आहे ना? मग हे काय आहे? तू तिथे काही करून राहिला का?

मामंजींनी काल स्वतःहून विचारलं, "मधूचं उत्तर आलं का?" ते उठून आत गेले तेव्हा मी पाहिलं, भिंत धरून चालत होते. त्यांना मी असं घाबरलेलं कधी पाहिलं नाही.

वत्सलाताई


मद्रास
२१ सप्टेंबर १९८५

ती. ताईस,

तीन तारखेला, मंगळवारी, अडीचला मी 'नीलधारा'चं मॉडेल टाकीत सोडून लाटा सुरू केल्या. बावीस मिनिटं चालवल्या. मग गुरुवारी. मग दहा तारखेला दोन खेपा.

टाकीत गोडं पाणी असतं. वर पत्र्याचं छत आहे. हे मी तुला कधीच लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र आल्यापासून लाटा बंद ठेवल्या आहेत. पण मला सांग, काय करू. असे सावकाश झोके एका चाचणीत मोजकेच मिळतात. त्यावरून सर्वांत मोठा झोका केवढा येईल हे ठरवणं म्हणजे चार दिवस पाहून पावसाळा सांगणं. म्हणून त्याच समुद्राच्या लाटा दर वेळी वेगळ्या क्रमानं, निदान वीस खेपा चालवाव्या लागतात. चार झाल्या. सोळा बाकी आहेत. त्याशिवाय नव्या दोराचा आकडा मी कागदावर लिहिला तर तो गेल्या वर्षीसारखाच होईल. जहाजावर चाळीस माणसं राहणार आहेत.

आणि प्रत्येक खेपेला इथे लाटा मी सोडणार आणि झोका भाऊजींना बसणार. साहेबांना कारण सांगता येत नाही. दोन दिवस यंत्र बिघडल्याचं सांगत आहे.

भाऊजींना विचार. ते नाही म्हणाले तर मी करणार नाही.

मधू


सौंसर
२९ सप्टेंबर १९८५

मधुकर,
जयभीम.

वत्सलानं तुझी सगळी पत्रं माह्यापुढं ठेवली. मले लिहाची सवय नाही, सांभाळून घेशील.

चाचण्या बंद करू नको. सोळा म्हणतो तर सोळा कर, वीस लागल्या तर वीस कर. बावीस मिनिटं काय असतात? पंपाचा वॉशर बदलाले त्याच्याहून जास्त लागते. मी खाटेवर बसून राहीन. त्या चाळीस जणाईले तिथं उतरून जाता येत नाही, मले इथं काही झालं तर वत्सला आहे, बाबा आहे. नवा दोर केवढा पाहिजे ते नीट मोज. घाई करू नको.

फक्त आधी कळवत जा. दहा तारखेले मी एका विहिरीत पंप उतरवून राहिलो होतो, अर्ध्या शिडीवर, अन् तुमचं सुरू झालं. शिडी दोन्ही हातानं धरली. पान्हा पाण्यात गेला. पान्हा गेला तर गेला, पण वेळ माहीत असली तर माणूस जमिनीवर बसून घेते.

लहान जहाजावर भेव वाटत नाही. मोठ्यावर असताना माणसं दिसत, इथं कोणीच नसते. नुसतं पाणी, अन् भिंतीवर एक पांढरा दिवा. लाटा चालू असल्या की बरं असते. लाटा थांबल्यावर जड जाते.

अन् एक विचाराचं होतं. बारा सप्टेंबरले लाटा नव्हत्या. दुपारची गोष्ट. पाणी एकदम थांबलेलं होतं. काठावर एक जण येऊन बसला. उकिडवा, गुडघ्यावर हनुवटी टेकून. लय वेळ बसला, माह्याकडे पाहत. तोंड मोठं होतं, एवढ्या जवळून काही ओळखू येत नव्हतं. तो तू होता का?

तू असशील तर असा एकटा येऊन बसत नको जाऊ. श्रावण माह्या हातातून सुटला. त्याची बाही माह्या मुठीत होती. ते ओझं मले आहे, तुले तुझं आहे, दोघाईचं एक करून काही उतरत नाही. पण तू तिथं बसून पाण्याकडे पाहत राहिला की मले इथं जेवण जात नाही. वत्सला ताट उचलून नेते, अन् बाबा विचारतात काय झालं, अन् त्याईले काय सांगू?

मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, दुपारी दोनच्या नंतर कधीही चालेल. सोमवारी ठेवू नको. सोमवारी बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे छिंदवाड्याले न्यायचं आहे, अन् बस घाटातून जाते.

मनोहर